दोन स्लॅब : एक डोक्यावरचा, एक बिलातला



एप्रिल उजाडला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात दोनच विषय. एक पारा आणि दुसरा लाइटबिल. सकाळची शाळा सुटली की स्टाफरूममध्ये हजेरीपटाच्या आधी बिलं निघतात. "तुमचं किती आलं?" "माझं विचारूच नका सर." शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, "मीटर पळतंय हो, नक्की पळतंय."

मीटर कधीकधी बिघडतं, नाही असं नाही. शंका असेल तर तपासणीचा अर्ज जरूर द्यावा. पण बहुतेक वेळा मीटर बरोबर असतं आणि हिशेब आपला चुकलेला असतो. आज त्याच हिशेबाबद्दल लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरच्या एसीचा खर्च दोन स्लॅब ठरवतात. एक डोक्यावरचा सिमेंटचा स्लॅब आणि दुसरा बिलातला दराचा स्लॅब. आपण या दोन्हींकडे न बघता दुकानात जातो, स्टार मोजतो, हप्ते ठरवतो आणि एसी घरी आणतो. मग बिल आलं की यंत्राला दोष देतो. हे दोन स्लॅब नीट समजून घ्यायला सातवीपर्यंतचं गणित आणि विज्ञान पुरतं. म्हणून हा विषय आपल्या वर्गात आला पाहिजे, असं माझं मत आहे.

माझी चूक आधी सांगतो

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात दीड टनाचा एसी आला. वडिलांचं वय झालेलं. त्याआधीच्या मे महिन्यात त्यांना उन्हाचा त्रास झाला, सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, यांना दुपारी गार खोलीत ठेवा. दुसऱ्या आठवड्यात हप्त्यावर एसी घेतला. त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही.

चूक झाली ती पुढे. आमची खोली वरच्या मजल्यावरची, वर उघडा काळा पडलेला स्लॅब, पश्चिमेला खिडकी. मी रिमोट घेतला आणि १८ वर ठेवला. रात्रभर यंत्र घरघरत राहिलं. महिन्याने बिल आलं, ते बघून घरात कुणी बोलेना. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने बाहेरच्या यंत्राला कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय." गॅस भरला, पैसे दिले. पुढचं बिलही तसंच आलं.

पण मला खरं शिकवलं ते एका विद्यार्थ्याने. सातवीतला मुलगा पहिल्याच तासाला डुलक्या घेत होता. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "काय रे, रात्री झोपला नाहीस का?" तो उभा राहिला आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "सर, तुमच्या एसीचा गरम वारा आमच्या अंगणात येतो की. बाज आत घेतली तर वर पत्रा तापलेला. मग कुठं झोपावं?"

तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. वर्गातली दोन-चार पोरं हसली. मला मात्र पुढचा धडा शिकवता आला नाही. त्या रात्री खाली बोळात जाऊन मी आमच्या बाहेरच्या यंत्रासमोर उभा राहिलो. भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तसं वाटलं. आमच्या खोलीतली उष्णता मी शेजाऱ्याच्या अंगणात ओतत होतो आणि त्यासाठी बिलही भरत होतो.

एसी गारवा तयार करत नाही

इथे थोडं विज्ञान बघू, कारण पुढचं सगळं यावर आधारलेलं आहे. "एसी गार हवा तयार करतो" हे वाक्य मुलंच काय, आपणही सहज बोलतो. प्रत्यक्षात एसी खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. विहिरीतलं पाणी मोटेने उपसून पाटात सोडावं तसं. वीज लागते ती उपसण्यासाठी. जितकी जास्त उष्णता आत येईल तितका उपसा जास्त. आणि बाहेरची हवा जितकी तापलेली तितकी मोट जड. एप्रिलमधल्या ४२-४३ अंशांच्या दुपारी ती फार जड होते.

एसीचा "टन" म्हणजे काय, हे मुलांना जरूर सांगा. बरेच जण समजतात की ते यंत्राचं वजन आहे. तसं नाही. जुन्या काळी गारव्यासाठी बर्फाच्या लाद्या वापरत. शून्य अंशाचा एक टन बर्फ, तोही अमेरिकी टन म्हणजे साधारण ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढं काम म्हणजे एक टन. आजच्या भाषेत साधारण साडेतीन किलोवॅट. म्हणजे दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर फेकतो आणि पूर्ण ताकदीने चालताना त्यासाठी तासाला साधारण दीड युनिट वीज घेतो.

आणखी एक गोष्ट मुलांना आवडते. १९०२ साली विलिस कॅरिअर या अमेरिकी इंजिनिअरने आधुनिक एसीची पहिली रचना केली ती माणसांसाठी नव्हतीच. ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. हवेतला ओलावा ताब्यात ठेवण्यासाठी ते यंत्र होतं. माणूस नंतर त्यात शिरला.

पहिला स्लॅब : डोक्यावरचा

आता आपल्या छताकडे या. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे छताचं क्षेत्रफळ १२० चौरस फूट, म्हणजेच साधारण ११ चौरस मीटर. निरभ्र उन्हाळ्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट ऊन पडतं. म्हणजे त्या एका खोलीच्या छतावर अकरा किलोवॅट! आणि आपला दीड टनी एसी उपसतो सव्वापाच. यातलं सगळं ऊन आत येत नाही हे खरं. काही परत फेकलं जातं, काही वारा घेऊन जातो. पण जुना काळपट स्लॅब बरंच ऊन पिऊन ठेवतो आणि सावकाश खाली सोडतो. म्हणून दुपारचं ऊन आपल्याला रात्री आठ-नऊला लागतं. संध्याकाळी खुर्चीवर चढून छताला हात लावून बघा. मुलांनाही लावायला सांगा. तो चटका म्हणजेच तुमच्या बिलातला पहिला आकडा.

आपल्या भागात छताचं महत्त्व जास्त का, याचं उत्तर भूगोलात आहे. मंद्रूप कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला, साधारण साडेसतरा अक्षांशावर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इथे शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत दुपारी भिंतींवर ऊन तिरपं आणि कमी पडतं, छतावर मात्र सरळ आणि सर्वांत जास्त. म्हणजे आपल्याकडे पहिला इलाज छताचा आणि दुसरा पश्चिमेच्या भिंतीचा व खिडकीचा.

आपल्या आजोबांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी कळलं होतं. सोलापूर, मंगळवेढा, पंढरपूर भागातली माळवदाची घरं आठवा. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पांढरा रंग ऊन परत फेकायचा, मातीचा थर उरलेलं अडवायचा. छोट्या झरोक्यातून उजेड यायचा, ऊन यायचं नाही. त्या घरांना गळतीचा त्रास होता, दरवर्षी माती टाकावी लागायची, विंचू-काट्याचं भय होतं. म्हणून माणसांनी स्लॅब टाकला, ते योग्यच केलं. पण स्लॅब टाकताना आपण पांढरा रंग विसरलो.

तो परत आणता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्लॅब झाडून, धुऊन घ्यावा. चुन्याची कळी भिजवून, गाळून, चिकटपणासाठी थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालून दोन हात द्यावेत. हे काम मोठ्या माणसानेच करावं. चुना डोळ्यांत गेला तर फार वाईट, कातडीलाही भाजतो. डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे हवेतच. पावसात हा चुना बराचसा वाहून जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. छताचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या. ऐपत असेल तर ऊन परावर्तित करणारा पांढरा रंग किंवा पांढऱ्या फरश्या जास्त दिवस टिकतात. द्राक्षबागायतदारांकडची जुनी शेडनेट मिळाली तर ती स्लॅबपासून चार-पाच फूट उंच ताणून बांधा. खालून वारा खेळला पाहिजे. काही जण सावलीसाठी स्लॅबवर कडबा रचतात. तो मोह टाळा. एका ठिणगीत घर जाईल.

हे काही नुसतं गावठी शहाणपण नाही. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे तिथल्या वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं गेलं. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. सोलापूरचं ऊन त्यांच्यापेक्षा काही सौम्य नाही.

पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताटी, चटई किंवा कापडाचा पडदा लावा. आतला पडदा उजेड अडवतो, पण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. आणि आईचा जुना नियम : सकाळी नऊला खिडक्या बंद, सूर्य मावळून हवा फिरली की सताड उघड्या. आमच्या आईला उष्मागतिकी माहीत नव्हती. खिडक्या मात्र तिने कधी चुकीच्या वेळी उघडल्या नाहीत.

दुसरा स्लॅब : बिलातला

आता बिल हातात घ्या. पुढची बाजू बघून आपण ते घडी करून ठेवतो. मागची बाजू वाचा. महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी महिन्याच्या वापराचे टप्पे आहेत : १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून इथे रुपये लिहीत नाही. तुमच्या बिलावर ताजे दर असतातच. पण प्रमाण लक्षात ठेवा. वहन आकार धरून पहिल्या टप्प्याच्या मानाने दुसऱ्याचा दर जवळपास दुप्पट आणि तिसऱ्याचा अडीचपटीच्या आसपास असतो. याशिवाय स्थिर आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क.

इथे एक गैरसमज सगळीकडे आहे. "शंभरच्या वर एक युनिट गेलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो." चूक. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पहिली शंभर पहिल्याच दराने मोजली जातात.

आता फळ्यावर एक उदाहरण घालू. गणितापुरते दर १, २ आणि अडीच धरू. एका घरात एप्रिलमध्ये पंखे, फ्रीज, टीव्ही, मोटार मिळून ११० युनिट वीज लागते. एसी सरासरी तासाला एक युनिट घेतो, रोज आठ तास चालतो. महिन्याचे २४०. एकूण झाले ३५०.

पहिले १०० × १ = १००
पुढचे २०० × २ = ४००
उरलेले ५० × २.५ = १२५
एकूण ६२५

समजा त्या घराने एसीचा वापर पाव भागाने कमी केला. साठ युनिट वाचले. एकूण २९०.

पहिले १०० × १ = १००
पुढचे १९० × २ = ३८०
एकूण ४८०

आता मुलांना शेकडेवारी काढू द्या. युनिट किती टक्के कमी झाले? साधारण १७. पैसे किती टक्के कमी झाले? साधारण २३. असं का? कारण वाचवलेलं युनिट नेहमी सर्वांत वरचं, म्हणजे सर्वांत महागडं असतं. कणगीतलं धान्य आपण वरून काढतो, तसं बिल वरून कमी होतं. हे एकदा कळलं की "दहा-वीस युनिटांनी काय फरक पडतो" असं कुणी म्हणत नाही.

याच हिशेबात पंखे घ्या. साधा छताचा पंखा ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. फरक ४५ वॅट धरा. घरात तीन पंखे, रोज पंधरा तास चालतात. ४५ × ३ × १५ × ३० केलं तर महिन्याला साधारण ६० युनिट होतात. म्हणजे वरच्या उदाहरणात एसीचा वापर पाव भागाने कमी करून जेवढं वाचलं, तेवढंच इथे वाचलं. पंखा बदलायला खर्च येतो, पण पंखे बाराही महिने फिरतात.

आता यंत्राकडे

छत आणि बिल झाल्यावर मग रिमोट हातात घ्या.

पहिली गोष्ट तापमान. १८ वर ठेवलं म्हणजे खोली लवकर गार होते, हा समज सोडा. रिमोटवरचा आकडा म्हणजे थांबण्याची जागा आहे. ती इतकी दूर ठेवली की तापल्या स्लॅबखालच्या खोलीत यंत्र तिथे पोचतच नाही आणि रात्रभर धावत राहतं. बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २० वरून २५ वर आलात तर ढोबळ हिशेबाने पाव भाग वाचला. म्हणजे वरच्या उदाहरणातले साठ युनिट नुसत्या रिमोटवर आले. जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले नवे एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर येतात, ते यासाठीच. आमच्याकडे आता २६ आणि वर पंखा सावकाश. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम उडवतो, त्यामुळे २६ सुद्धा गार वाटतं.

दुसरी गोष्ट जाळी. आपल्याकडे ज्वारीची मळणी झाली की भुसकट आणि धूळ महिनाभर हवेत असते. एसीच्या आतल्या जाळीवर तिचा थर बसतो, हवा कमी खेचली जाते आणि यंत्र जास्त वेळ चालतं. दर पंधरा दिवसांनी बटण बंद करून जाळी काढा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. दहा मिनिटांचं काम आहे, त्याला दुरुस्तीवाला लागत नाही.

तिसरी गोष्ट बाहेरचं यंत्र. त्याला सावली हवी, पण कोंडमारा नको. चोराच्या भीतीने काही जण चारी बाजूंनी पेटी करतात. मग ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. पुढे-मागे मोकळी जागा ठेवा. आणि तो वारा कुणाच्या दारात जातो, तेही बघा.

चौथी गोष्ट गॅस. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. मी एकदा ओतून बसलो आहे, तुम्ही ओतू नका.

पाचवी गोष्ट नवा एसी घेणाऱ्यांसाठी. नुसते स्टार मोजू नका, लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचा. तो १६०० तासांच्या वापरासाठी काढलेला असतो. समजा एकावर १००० लिहिलं आहे आणि दुसऱ्यावर ७५०. तुम्ही मार्च ते मे असे नव्वद दिवस रोज आठ तास चालवणार, म्हणजे ७२० तास. तर फरक २५० चा नाही, साधारण ११२ युनिटांचा. त्याला तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा आणि किमतीतल्या फरकाशी ताडून बघा. थोडे दिवस चालवणाऱ्याला तीन स्टारही पुरतो, वर्षातले सहा-आठ महिने चालवणाऱ्याने पाच स्टारच घ्यावा. लेबल कोणत्या काळातलं आहे हेही बघा. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुने पाच स्टार नव्या मापात कमी भरतात.

"सर, मग एसी वापरूच नये का?"

हा प्रश्न मला पालकसभेत एका आईने विचारला. माझं उत्तर स्पष्ट आहे. घरात तान्हं मूल असेल, म्हातारं माणूस असेल, आजारी असेल तर एसी जरूर वापरा. पाच युनिट वाचवण्यासाठी आजोबांना उकाड्यात ठेवणं हा हिशेब नव्हे. उष्माघात जीव घेतो. गारवा ही आता आपल्याकडे गरजेची गोष्ट झाली आहे.

पण गारव्याला एसी हा एकच मार्ग नाही. आपली उन्हाळी हवा कोरडी असते आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. माठातलं पाणी ज्या नियमाने गार होतं त्याच नियमाने. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. कोकणातल्या दमट हवेत कूलर निरुपयोगी, मंद्रूपला एप्रिलमध्ये कामाचा. वीज एसीच्या कितीतरी कमी लागते. मात्र त्याला पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची ओढ किती असते ते मी सांगायला नको. खिडकी उघडी ठेवून चालवा, पाणी बदलत राहा, नाहीतर डास होतील. पावसाळा लागला की तो बंद करा, ओलाव्यात तो त्रासच देतो.

कुणी म्हणेल, "पगार आहे, बिल भरतो, तुम्हाला काय?" बरोबर आहे, बिल तुमचं आहे. पण वीज येते कुठून? आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच. कोळसा रेल्वेने लांबून येतो. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे महिन्याला साठ युनिट वाचवणारं घर चाळीस किलोच्या आसपास, जवळपास एक पोतं कोळसा वाचवतं. ती वीज थेट आपल्याच घरात येते असं नाही, ती जाळ्यात जाते. पण राख आणि धूर कुणाच्या तरी शिवारावर पडतोच.

सौरऊर्जेचंही विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो. योजना चांगलीच आहे, शिवाय पट्ट्यांची सावली स्लॅबवर पडते तो फायदा वेगळा. पण क्रम चुकवू नका. आधी गळती थांबवा, मग टाकी मोठी करा. वापर कमी केलेल्या घराला छोटा संच पुरतो.

वर्गात काय करता येईल?

पाठ्यपुस्तकात उष्णतेचं वहन आहे, बाष्पीभवन आहे, शेकडेवारी आहे, आलेख आहेत. हे सगळं एका लाइटबिलात सापडतं. मी सहावी-सातवीला पुढील उपक्रम देतो.

एक, मीटरवाचन. आठ दिवस रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा वहीत लिहायचा, वजाबाकी करायची, आलेख काढायचा. कोणत्या दिवशी जास्त लागले आणि का, हे दोन ओळींत लिहायचं. मुलं मीटरला हात लावणार नाहीत, लांबूनच वाचतील, हे बजावून सांगा.

दोन, पांढरा-काळा प्रयोग. दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या, एक पांढरा रंगवा, एक काळा. सारखं पाणी भरून दुपारपर्यंत उन्हात ठेवा आणि तापमापीने मोजा. निष्कर्ष मुलंच काढतील, तुम्ही गप्प बसा.

तीन, बिलाचं वाचन. घरचं बिल आणायला सांगू नका. कुणाचं मोठं, कुणाचं थकलेलं, त्यात मुलांची मानहानी होते. शाळेचं बिल किंवा फळ्यावरचं काल्पनिक बिल घ्या. आणि ज्यांच्या घरी एसी नाही अशी मुलं वर्गात जास्त आहेत हे विसरू नका. त्यांच्यासाठी हा धडा पत्र्याचा, माठाचा आणि खिडकीचा आहे, तितकाच खरा.

१४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो. आपण घोषवाक्यं आणि चित्रं करून घेतो, फोटो काढतो. करावंच. पण त्या दिवशी थंडी असते, कुणालाच उकडत नाही. हा धडा एप्रिलमध्ये, घामाने पाठ भिजलेली असताना शिकवला तर जास्त लक्षात राहतो.

शेवटी

त्या मुलाचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. आम्ही बाहेरचं यंत्र बोळातून काढून गच्चीवर नेलं, वर शेडनेटची सावली केली. नळी वाढवायला खर्च आला, तो केला. आमच्या स्लॅबला चुना दिला. आता वडिलांना दुपारी चार तास आणि रात्री झोप लागेपर्यंत एसी पुरतो. पुढे छत तापलेलं नसतं, म्हणून पंख्यावर भागतं. बिल एकदम निम्मं झालं वगैरे काही नाही. पण आता ते उघडताना छातीत धस्स होत नाही.

पत्र्यावर चुना नीट टिकत नाही. म्हणून त्या मुलाच्या वडिलांनी आणि मी मिळून एका रविवारी सकाळी त्यांच्या पत्र्याला बाहेरून पांढरा रंग दिला. रंगाचा डबा मी आणला होता. ते पैसे द्यायला लागले, मी घेतले नाहीत. माझ्या एसीची तेवढी उधारी होती.

परवा तो मुलगा पहिल्या तासाला जागा होता. गणित मात्र चुकलं त्याचं, शेकडेवारीत दशांश चिन्ह एक घर पुढे टाकलं. मी म्हटलं, "चालतंय, बिल दहापट आलं रे तुझं!" सगळा वर्ग हसला. तोही हसला.

तर मित्रहो, आज संध्याकाळी दोन कामं करा. छताला हात लावून बघा आणि बिलाची मागची बाजू वाचा. दोन्ही वेळी घरातलं एखादं मूल सोबत असू द्या.